गल्लीत शूटिंग येणार असेल तर आधी काय ठरवून घ्यावे

चोपड्याच्या जुन्या गावातील एका गल्लीतून हा प्रश्न आला आहे. गल्लीतील एक मोठे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर एका मराठी मालिकेच्या चित्रीकरणासाठी पसंत पडले असून घरमालकांनी बारा दिवसांसाठी होकार दिला आहे. बाकीच्या घरांना ही गोष्ट रेकीला, म्हणजे चित्रीकरणाआधी जागा पाहायला, आलेल्या माणसांकडून समजली. काही घरे खूश आहेत, काही नाराज आहेत. आणि त्याच गल्लीत राहणाऱ्या एका शिक्षकांनी विचारले आहे की शेजाऱ्यांना यात काही म्हणण्याचा अधिकार आहे का, आणि चित्रीकरण होऊ द्यायचे ठरले तर कोणत्या गोष्टी आधी लेखी घ्याव्यात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत लोकेशन आणि प्रॉडक्शनचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे, म्हणजे अशा व्यवहारात मी बहुतेक वेळा युनिटच्या, म्हणजे चित्रीकरण करणाऱ्या मंडळींच्या, बाजूने बसलेला असतो. तरीही उत्तर रहिवाशांच्या बाजूने देतो, कारण गल्ली नाराज असेल तर युनिटचेही काम होत नाही.

सगळ्या तक्रारींचे मूळ एकच असते. करार एका घराशी होतो आणि वापरली जाते सगळी गल्ली. भाडे एका घरात जाते; जनरेटरचा आवाज, अडलेला रस्ता, ओट्यावर बसलेली अनोळखी माणसे आणि रात्रभर खिडकीतून येणारा झगझगीत उजेड हे समोरच्या आणि शेजारच्या घरांच्या वाट्याला येते. पहिल्या दिवशी याबद्दल कोणीच बोलत नाही, कारण सगळे कलाकारांना पाहायला उभे असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नवलाई ओसरते, कोणाची तरी मोटारसायकल तासभर अडकून पडते, आणि मग आधीपासून साठलेले सगळे एकदम बाहेर येते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की घरमालकांचा भाडेकरार हा एक कागद आणि गल्लीशी झालेला समझोता हा दुसरा कागद, असे दोन स्वतंत्र कागद व्हावेत आणि दुसऱ्यावर सह्या झाल्याशिवाय पहिल्याचे काम सुरू होऊ नये.

गल्लीत नेमके काय येणार आहे याची कल्पना बहुतेकांना नसते. 'कॅमेरा घेऊन दहा-बारा जण येतील' असे घरमालकांना वाटते आणि रेकीला आलेली माणसेही ते खोडून काढत नाहीत. मालिकेच्या साध्या युनिटमध्ये सुद्धा साठ-सत्तर माणसे धरून चालावे. लग्नाचा किंवा सणाचा प्रसंग असेल आणि जमाव बाहेरून आणला असेल तर संख्या दीडशेच्या पुढे जाते. त्यांच्याबरोबर जनरेटरची गाडी, लाइटचा टेम्पो, कॅमेरा आणि तो रुळावरून सरकवायच्या ट्रॉलीचे सामान, आर्टवाल्यांचा (सजावट करणाऱ्यांचा) टेम्पो, कपड्यांची गाडी, कलाकारांच्या तयारीच्या एक-दोन व्हॅनिटी, जेवणाची गाडी, पाण्याचा टँकर आणि माणसे वाहून आणणाऱ्या गाड्या येतात. चोपडा, यावल, पारोळा, एरंडोल अशा गावांतील जुन्या गल्ल्यांत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी एकीला मागे सरावे लागे. तिथे यातील एकही मोठी गाडी आत येता कामा नये. लाइटचा टेम्पो सामान उतरवून पंधरा-वीस मिनिटांत बाहेर जावा, बाकीच्या गाड्या बाजारपट्ट्यात किंवा एखाद्या मोकळ्या मैदानात उभ्या कराव्यात आणि त्या मैदानाची परवानगी युनिटने स्वतः काढावी. रुग्णवाहिका कोणत्याही क्षणी गल्लीतून जाऊ शकेल एवढी वाट मोकळी राहील, ही अट कागदावर पहिल्या क्रमांकाने लिहावी.

आता अधिकाराचा प्रश्न. स्वतःचे घर चित्रीकरणाला भाड्याने द्यायला घरमालकांना शेजाऱ्यांची परवानगी लागत नाही. मात्र घराबाहेरचा रस्ता, चौक, पार आणि सार्वजनिक विहीर यांतील काहीही भाड्याने देण्याचा अधिकार त्यांना नाही. ते नगरपरिषदेचे आहे. ट्रॉलीचा रूळ उंबऱ्याबाहेर पडला, लाइटचा स्टँड गटारीच्या कडेला उभा राहिला किंवा रस्त्याला दोरी लागली की नगरपरिषदेची परवानगी लागते आणि पोलीस ठाण्याला आधी कळवावे लागते. राज्यात चित्रीकरणाच्या परवान्यांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी पद्धत आहे. 'आमच्याकडे मुंबईचे परमिशन आहे' हे वाक्य आपल्याला हमखास ऐकायला मिळेल. त्यावर वाद न घालता कागद मागावा आणि त्यात आपल्या गल्लीचे नाव, तारखा आणि वेळ लिहिलेली आहे का एवढे पाहावे. ज्या परवानगीत ठिकाण फक्त 'चोपडा शहर' असे लिहिलेले असते, ती आपल्या रस्त्यापुरती पुरेशी मानू नये. मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करून ठिकाण स्पष्ट करून घ्यावे. शेजाऱ्यांच्या हातातील खरा अधिकार इथेच आहे. परवानगी देण्यापूर्वी दिलेल्या लेखी हरकतीकडे कार्यालयाला दुर्लक्ष करणे अवघड जाते, आणि चित्रीकरण सुरू झाल्यावर केलेल्या आरडाओरड्याला मात्र कोणी दाद देत नाही.

पोलिसांच्या बाबतीत एक बारीक मुद्दा बाहेरून आलेल्या युनिटांच्या लक्षात येत नाही. आपल्या जिल्ह्यांत सणवार, निवडणुका किंवा आंदोलने यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) आणि (३) खाली मनाई आदेश वरचेवर निघतात, ज्यांत शस्त्रे बाळगण्यावर आणि विनापरवाना जमाव जमवण्यावर बंदी असते. कथेत मारामारी असेल, खोट्या तलवारी किंवा बंदुका असतील, कलाकार पोलिसांच्या गणवेशात रस्त्यावर येणार असतील, तर त्यांची यादी ठाण्यात आधी देणे आवश्यक आहे. नाहीतर पलीकडच्या गल्लीतील कोणीतरी घाबरून ११२ ला फोन करतो आणि खरे पोलीस खोट्या पोलिसांच्या मध्ये येऊन उभे राहतात. हसण्यासारखे वाटते, पण त्या दिवसाचे काम तिथेच बंद पडते.

आणखी काही परवानग्या अशा आहेत ज्या युनिटने काढायच्या असतात, परंतु त्या नसल्या तर त्रास आपल्यालाही होऊ शकतो. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल तर व्यावसायिक कामासाठी तो उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असले पाहिजे आणि ड्रोनची नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे झालेली असली पाहिजे. चोपडा विमानतळापासून लांब आहे, म्हणून इथे निर्बंध कमी आहेत. हाच प्रश्न जळगाव शहरातून आला असता तर उत्तर वेगळे झाले असते, कारण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ड्रोन उडवायला हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि कुसुंब्याचे विमानतळ शहराला लागूनच आहे. नियमात बसणारा ड्रोनही बायाबापड्या उन्हात पापड-कुरडया वाळवत असलेल्या धाब्यांवरून खाली येऊन फिरू नये, एवढे कागदात घालावे. बैलजोडी, गाय किंवा पाळीव कुत्रा दृश्यात घ्यायचा असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. 'नुसता गोठ्यात बांधलेला दाखवायचा आहे' असे सांगून शेजाऱ्याची जोडी मागितली तर ती देऊ नये. कडुलिंबाची फांदी उजेडाच्या आड येते म्हणून लाइटवाले ती परस्पर छाटतात. नागरी भागातील झाडांच्या बाबतीत १९७५ चा कायदा आहे आणि फांद्या तोडण्यापूर्वी नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

मुलांचा विषय थोडा सविस्तर सांगतो, कारण तिथे गल्लीतील आईवडील भुलतात. 'शाळेच्या सीनमध्ये तुमचा मुलगा मागे बसवतो' असे म्हटले की नाही म्हणवत नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला घ्यायचे असेल तर निर्मात्याने ज्या जिल्ह्यात काम होणार तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्या बाबतीत जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मुलाच्या उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, आणि जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती, अशा अटी केंद्राच्या नियमांत आहेत. पालकांनी परवानगीची प्रत पाहिल्याशिवाय मुलाला पाठवू नये. दिवसभर उन्हात बसवून संध्याकाळी बिस्किटाचा पुडा हातात ठेवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

गल्लीशी होणाऱ्या कागदावर कोणी सह्या कराव्यात, हा नाजूक भाग आहे. एखाद्या पुढाऱ्याला किंवा मंडळाच्या अध्यक्षाला 'तुम्हीच सांभाळून घ्या' असे सांगून त्याच्या हाती पाकीट देणे युनिटला सोपे जाते, आणि बारा दिवसांत ते पाकीट कोठे गेले यावरून गल्लीत तट पडतात. प्रत्येक घराला रोख वाटण्याची पद्धतही मला पसंत नाही. भिंत लागून असलेले घर आणि टोकाचे घर यांना सारखेच मिळाले तरी कुरकुर, कमीजास्त मिळाले तरी कुरकुर. त्यापेक्षा ज्या घरांच्या ओट्याचा, भिंतीचा, खिडकीचा किंवा धाब्याचा प्रत्यक्ष वापर होणार आहे त्यांच्याशी युनिटने वेगळी रक्कम लेखी ठरवावी, आणि बाकीच्या गल्लीसाठी एक ठरावीक रक्कम बँकेमार्फत एखाद्या नोंदणीकृत मंडळाच्या खात्यात जमा करावी किंवा तिचे थेट काम करून द्यावे. गटारीवरील फुटलेल्या फरशा बदलणे, चौकातील दिवा बसवणे, अशी कामे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतात आणि हिशेब विचारावा लागत नाही. सह्या करणाऱ्यांत दोन बायका असाव्यात असा माझा आग्रह असतो. गल्लीचा दिवस कसा चालतो हे त्यांना माहीत असते. पुरुष मंडळी दहा वाजता दुकानाला किंवा शेताला निघून जातात आणि त्यांनी 'काही अडचण नाही' असे लिहून दिलेले असते.

घरमालकांसाठी इथेच एक सूचना. जुनी घरे बहुधा भाऊबंदकीच्या मालकीची असतात. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चार नावे आणि करारावर एकच सही, असे असेल तर पुण्याला राहणाऱ्या चुलत भावाचा फोन नेमका चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी येतो. सर्व सहहिस्सेदारांची संमती आधी घ्यावी. निम्मी रक्कम काम सुरू होण्यापूर्वी, उरलेली शेवटच्या दिवशी सामान हलण्यापूर्वी, आणि सर्व व्यवहार खात्यावर, असे ठरवावे. करार कोणाशी होतो आहे तेही पाहावे. बऱ्याचदा सही करणारा हा निर्मिती संस्थेचा माणूस नसून मधला लोकेशनवाला असतो, आणि नंतर संस्था म्हणते की आम्ही पैसे त्याला दिले.

आवाजाविषयी आकडे माहीत असलेले बरे. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकते. तिथे मर्यादा आणखी खाली, ५० आणि ४० अशी आहे. आवरण असलेल्या डिझेल जनरेटरसाठी एक मीटर अंतरावर ७५ डेसिबल ही मर्यादा अनेक वर्षे ठरलेली आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे 'सायलेंट' म्हणवणारा जनरेटरसुद्धा दिवसाच्या मर्यादेत यायला साधारण १० मीटर आणि रात्रीच्या मर्यादेत यायला ३० मीटर लांब असावा लागतो. हे मोकळ्या मैदानाचे गणित झाले. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या गल्लीत आवाज उतरत नाही, घुमतो. म्हणून जनरेटर गल्लीच्या तोंडाबाहेर, धूर वाऱ्याबरोबर घरांत येणार नाही अशा बाजूला उभा करावा आणि केबल भिंतीच्या कडेने आणावी. जिथे ती वाट ओलांडते तिथे वर रबरी पट्टा असावा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे पाय अडकणार नाहीत. केबल लांब ओढायला लाइटमन कुरकुर करतात, कारण मजुरी तीच आणि ओझे जास्त. ते त्यांचे त्यांनी पाहावे.

जनरेटर लांब आहे म्हणून 'दोन दिवे तुमच्या घरातून लावतो, वेगळे पैसे देतो' असे कोणी म्हणेल तर त्याला ठाम नकार द्यावा. घरगुती मीटरवरून व्यावसायिक कामाला वीज देणे हे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये बसते आणि आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय जुन्या घरांतील वायरिंग तो भार सोसत नाही. वीज हवीच असेल तर युनिटने महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी.

वेळेचा करार 'शिफ्ट' या शब्दावर सोडू नये. मालिकेची शिफ्ट साधारण बारा तासांची असते, पण तिच्या आधी दोन तास लाइटवाले आणि आर्टवाले आलेले असतात आणि पॅकअपनंतर सामान भरायला तास-दीड तास जातो. 'सकाळी नऊ ते रात्री नऊ' असे लिहिले की गल्ली प्रत्यक्षात सकाळी सात ते रात्री साडेदहा अडते. कागदावर पहिली गाडी कधी येईल आणि शेवटची कधी जाईल हे दोन आकडे लिहावेत. रात्रीची बाह्यदृश्ये बारा दिवसांत किती रात्री आहेत ते विचारावे, त्या तारखा आधी सांगायला लावाव्यात, आणि लागोपाठ दोन रात्री घेऊ देऊ नयेत. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर लावायला मनाईच आहे, त्यामुळे गाण्याचे चित्रीकरण प्लेबॅक वाजवून रात्री होणार नाही हे आधीच सांगून टाकावे. दिग्दर्शकाच्या हातातील भोंगाही लाऊडस्पीकरच होय. रात्रीच्या वेळी वॉकीटॉकीवर सगळे भागते.

नळाचा दिवस हा मुंबईच्या माणसाला न कळणारा विषय आहे. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी आणि ज्या तासाला येते त्या वेळी गल्लीतील प्रत्येक दारात मोटार, नळी, पिंप आणि बादल्या असतात. नेमक्या त्याच वेळी आवाजासकट संवादांचे चित्रीकरण सुरू असेल, तर एक सहायक दिग्दर्शक धावत येऊन मोटार बंद करायला सांगतो. मोटार बंद झाली तर पुढचे काही दिवस त्या घरात पाणी नाही. म्हणून नळाचे दिवस आणि तास यांचा तक्ता समझोत्याला जोडावा आणि त्या वेळेत फक्त घराच्या आतील, आवाज न लागणारी दृश्ये घेण्याची अट असावी. 'सायलेन्स' पुकारल्यावर गल्लीने गप्प राहावे ही अपेक्षा योग्य आहे, पण तिलाही माप हवे: एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही आणि मध्ये ये-जा करायला वाट मोकळी. शेवटी ही गल्ली आहे. एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर 'कथा चालना रे भो?' (कुठे चाललास रे भाऊ?) अशी हाक जाणारच, आणि ती हाक मारणाऱ्या आप्पांवर बाउन्सरने डोळे वटारायचे काही कारण नाही. बाउन्सर आणूच नयेत असे मी सुचवीन. गल्लीतीलच चार-पाच तरुणांना युनिटने रोजंदारीवर घ्यावे. कोणाला कोणत्या शब्दांत थांबवायचे हे त्यांना नेमके कळते.

आता धाब्याविषयी, कारण या प्रश्नात मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. कॅमेरामनला अशा घरात हमखास दोन गोष्टी हव्या असतात: समोरच्या धाब्यावरून खाली येणारा उजेड आणि शेजारच्या धाब्यावरून दिसणारी गल्ली. खाली सागवानी सरे (मुख्य तुळया) आणि त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर काड्यांचा थर, वर माती आणि दर पावसाळ्यापूर्वी पसरलेली खारी माती, अशी ती रचना असते. तिच्यावर माणसे झोपतात, धान्य वाळवतात, ते वजन पसरलेले असते. लाइटचा स्टँड तीन पायांवर उभा राहतो, पडू नये म्हणून त्याच्या पायांवर वाळूच्या गोण्या टाकतात आणि शेजारी दोन लाइटमन उभे राहतात. म्हणजे सगळा भार दोन-तीन फुटांच्या जागेत येतो. कडी त्या वेळी मोडत नाही. थोडी लवते, वरचा मातीचा थर तडकतो, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. जुलैत पाऊस लागला की घरात टपटप सुरू होते, आणि तोवर मालिका संपून युनिटचा फोन नंबरही बदललेला असतो. यासाठी तीन गोष्टी कराव्यात. धाब्यावर काही ठेवायचेच असेल तर ते सऱ्याच्या रेषेवर, खाली जाड फळ्या टाकून, गावातील सुतार किंवा गवंडी यांना दाखवून ठेवावे. चित्रीकरणापूर्वी प्रत्येक वापरायच्या घराच्या धाब्याचे, आतून दिसणाऱ्या कड्यांचे आणि भिंतींचे मोबाइलवर तारखेसह चित्रण करून त्याची प्रत युनिटला पाठवावी. आणि युनिटकडून घेतलेल्या अनामत रकमेतील काही भाग पॅकअपच्या संध्याकाळी परत न करता पहिला मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत ठेवून घेण्याची अट करारात घालावी. युनिट ही अट पहिल्यांदा ऐकून हसेल. मी सांगतो की ती न्याय्य आहे आणि बहुधा मान्य होते, कारण दुसरे तसे घर त्यांना सहज मिळत नाही.

आर्ट विभागाकडून होणारे बदल त्या मानाने सोपे असतात, पण लेखी असावेत. कोणती भिंत रंगवणार, कोणता खिळा कोठे, दुकानाची पाटी झाकणार की काढणार, दारावरील नाव बदलणार का, आणि सगळे पूर्ववत किती दिवसांत होणार. मातीच्या भिंतीवर प्लास्टिक रंग लावू देऊ नये. भिंत ओल सोडू शकत नाही आणि पुढे पोपडे धरते. देवघर, तुळस आणि घरातील गेलेल्या माणसांचे फोटो यांना हात लावण्यापूर्वी घरातील कर्त्या बाईला विचारावे, ही अट लिहायला संकोच वाटतो, पण लिहावी.

तारखा ठरवताना मुंबईच्या कॅलेंडरवर विसंबू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घरे भरलेली असतात. त्या आठवड्यात गल्ली देऊ नये. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन असते. ज्या भाऊबंदकीचे रोट (कानबाईचा कुळाने मिळून खायचा प्रसाद) असतात तिथे बाहेरची माणसे त्या दोन-तीन दिवसांत दारात नकोत. दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ वगळावा. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा युनिट पहाटेची वेळ मागते आणि दुपारी चार तास सुट्टी घेते, ज्याचा अर्थ शंभर माणसे दुपारी गल्लीतील सावली शोधत ओट्यांवर आडवी होणार असा आहे. त्यांच्यासाठी मंगल कार्यालय किंवा शाळेची खोली घ्यायला लावावी. स्वच्छतागृहाची सोयही तिथेच करावी, नाहीतर स्त्री कलाकार आणि कामगार घरोघरी विचारत फिरतात आणि पुरुष बोळ शोधतात. आणि गल्लीत कोणाचे निधन झाले तर त्या दिवसाचे चित्रीकरण भरपाई न मागता थांबेल, हे एक वाक्य प्रत्येक समझोत्यात असलेच पाहिजे.

युनिटच्या बाजूचेही थोडे सांगितले पाहिजे. कागद झाल्यावर, कॅमेरा लागल्यानंतर, नव्या मागण्या पुढे करून काम अडवणे हे योग्य नाही. दिवस वाया गेला तर रोजंदारीवरील माणसांचेही नुकसान होते आणि ते गाव पुढच्या कामांतून वगळले जाते. तसेच, वर सांगितलेले सगळे मोठ्या युनिटसाठी आहे. दोन-तीन मुले एक कॅमेरा घेऊन अहिराणी गाण्याचे चित्रीकरण करायला आली तर त्यांच्याकडे अनामत आणि विम्याचे कागद मागत बसू नये. रस्ता अडवू नका, आवाज मर्यादेत ठेवा आणि कोणाच्या दारात उभे राहण्यापूर्वी विचारा, एवढे पुरे. मोठ्या युनिटकडून मात्र त्रयस्थांना इजा झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याची प्रत जरूर घ्यावी.

आपल्याकडे सध्या जी झाली ती पहिली रेकी. तारखा पक्क्या होण्यापूर्वी टेक्निकल रेकी होईल, जिला दिग्दर्शक, कॅमेरामन, आर्ट डायरेक्टर, लाइटचा मुख्य माणूस आणि प्रॉडक्शनवाले एकत्र येतात. जनरेटर कोठे, लाइट कोणत्या धाब्यावर, ट्रॉली कोणत्या दारासमोर, हे सगळे त्या दोन-तीन तासांत ठरते आणि नंतर बदलायला कोणी तयार नसते. घरमालकांना आजच सांगून ठेवावे की त्या दिवसाची वेळ गल्लीला कळली पाहिजे, आणि सही करणाऱ्यांपैकी निदान तिघांनी नळाचा तक्ता हातात घेऊन त्यांच्याबरोबर गल्लीभर फिरावे.